डोकेदुखीची गोळी

आमच्या घरात आत्याच्या गोळीला ‘डोकेदुखीची गोळी’ म्हणत. लांबट, गिळायला जरा मोठीच. सकाळी चहानंतर एक, रात्री जेवणानंतर एक. लग्नघर असो, प्रवास असो, आतोबा पाण्याचा पेला घेऊन हळूच तिच्याजवळ जायचे आणि विचारायचे, “डोकेदुखीची राहिली ना?” आम्हा मुलांना त्यात काही वेगळं वाटत नसे. कुणाला बीपीची असते, कुणाला शुगरची, तशी आत्याला डोकेदुखीची.

डोकं दुखत नसतानाही रोज दोनदा घ्यायची ही कसली डोकेदुखीची गोळी, हा प्रश्न मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी पडला. स्ट्रिपवर ‘सोडियम व्हॅल्प्रोएट’ लिहिलं होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये ते नाव टाकून पाहिलं आणि घरी येऊन आईला विचारलं. आईने आधी स्वयंपाकघराचं दार लोटलं. मग म्हणाली, “तिला फिट्स यायच्या. सोळाव्या वर्षापासून. बाहेर कुठे बोलू नकोस.”

आत्याचं लग्न १९८८ सालचं, दांडिया बाजारातल्या घरी झालेलं. आजीने मुलाकडच्यांना काही सांगितलं नव्हतं. पुढे मला त्याचा फार राग यायचा. पण एकदा वकील असलेल्या मैत्रिणीने दाखवलं, की १९७६ च्या दुरुस्तीपासून हिंदू विवाह कायद्यातच लिहिलेलं होतं: वधू किंवा वराला वारंवार वेडाचे किंवा अपस्माराचे झटके येत असतील तर विवाहाची अट पुरी होत नाही. म्हणजे पुढे कुणी कोर्टात गेलं तर लग्न रद्द करून मागता येत होतं. त्यातला ‘अपस्मार’ हा शब्द संसदेने काढला १९९९ मध्ये. आजी चौथी शिकलेली. तिने कायदा वाचला असण्याची शक्यता नाही, पण ज्या समाजाने तो लिहिला त्याला ती ओळखून होती. आतोबांना लग्नानंतर चार महिन्यांनी कळलं, पहाटे झटका आला तेव्हा. त्यांनी आरडाओरडा केला नाही. आपल्या आईला सांगितलं, “तिला अर्धशिशी आहे, गोळी चालू करतोय.” ते नाव तिथून पडलं. त्यांची आई २००९ साली गेली, तोवर तिला सुनेचं डोकं दुखतं एवढंच माहीत होतं.

(हे सगळं आत्याच्या परवानगीने लिहिते आहे. तिने मसुदा वाचला आणि दोन वाक्यं काढायला लावली. ती इथे नाहीत.)

मुलं मोठी झाल्यावर तिची जुनी गोळी बदलून व्हॅल्प्रोएट सुरू झालं आणि ते तिला मानवलं. चौदा वर्षांत एकही झटका नाही. चौदा वर्षं काही झालं नाही, की घरातले लोक आजार विसरतात आणि गोळी तेवढी राहते. आणि गोळीचं नाव आमच्याकडे आधीपासूनच खोटं होतं.

गेल्या वर्षी गणपतीत आत्याला लघवीची जळजळ, कंबरदुखी आणि ताप सुरू झाला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आतोबा घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारायचं ते विचारलं. बीपी? शुगर? ॲलर्जी? कायमचं काही औषध? आतोबांनी छत्तीस वर्षांच्या सवयीने सांगितलं, “डोकेदुखीची एक गोळी असते.” डॉक्टरांनी मान डोलावली. लेव्होफ्लॉक्सासिन ५०० लिहून दिली, दिवसातून एक, पाच दिवस. कंबरेसाठी वेदनाशामक गोळी, दोन वेळा. लघवी तपासायला पाठवली. लघवीच्या संसर्गावर हे औषध आपल्याकडे सर्रास दिलं जातं. मेडिकलवाल्याने स्ट्रिप कात्रीने कापून पाच गोळ्या दिल्या. नाव छापलेला तुकडा दुकानातच राहिला.

तिसऱ्या दिवशी गौरीजेवण. आत्या आदल्या रात्री दीडपर्यंत जागी होती, ताप अंगावर काढत. सकाळी तिला उलटी झाली आणि नुकतीच घेतलेली व्हॅल्प्रोएटची गोळी त्यात गेली. साडेदहाच्या सुमारास ती विळीवर नारळ खवत बसली होती. माझ्या आतेबहिणीने पाहिलं ते इतकंच, की आईचा हात थांबला आणि ती डावीकडे कुठेतरी बघत राहिली. मग ती आडवी झाली. बहिणीने पहिलं काम केलं ते विळी पायाने लांब सारण्याचं. शेजारच्या काकू कांदा फोडून घेऊन आल्या, त्यांच्यामागून कुणीतरी चप्पल. बहिणीने दोन्ही परत पाठवलं, आईला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणीची घडी दिली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तोंडात चमचा घालू दिला नाही. तीन मिनिटांनी झटका थांबला, पण आत्या शुद्धीवर यायच्या आत दुसरा सुरू झाला. असं झालं तर थांबायचं नसतं, सरळ हॉस्पिटल गाठायचं. एकच झटका पाच मिनिटांवर लांबला तरी हेच.

मी पोचले तेव्हा त्या तिथे कॅज्युअल्टीत होत्या. घरचा सगळा गणपतीचा गोतावळा मागे आलेला, त्यात आतोबांचे दोन चुलतभाऊ आणि बहिणीसाठी इंदूरचं स्थळ सुचवलेल्या मावशीही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, “पहिल्यांदाच का?” आतोबांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बहीण म्हणाली, “नाही. आईला एपिलेप्सी आहे. वयाच्या सोळाव्या वर्षापासून. व्हॅल्प्रोएट चालू आहे, ५००, दोन वेळा. आजची सकाळची उलटीत गेली. तीन दिवस लेव्होफ्लॉक्सासिन आणि एक पेनकिलर चालू आहे.” कापलेल्या गोळ्यांचं नाव तिने रिक्षातून मेडिकलवाल्याला फोन करून काढलं होतं. मावशींनी पदर सावरला. त्या क्षणी कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी न्यूरॉलॉजिस्ट आले. मी त्यांना विचारलं, कारण माझ्या कामात हा पहिला प्रश्न असतो: नेमकं काय बदललं? सॉफ्टवेअर पडलं की आम्ही आधी शेवटचे बदल पाहतो. ते हसले आणि बोटं मोजत म्हणाले, “ताप. जागरण. गेलेला डोस. संसर्ग. ही चार कारणं तशीच पुरेशी आहेत. आणि त्यावर क्विनोलोन. त्या एकट्यावर खापर फोडू नका. पण त्याला मोकळंही सोडू नका.”

पुढच्या काही रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी या विषयावर जे मिळेल ते वाचलं आणि न कळलेलं सकाळी त्यांना विचारलं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना सतत संदेश देत असतात. काही रसायनं संदेश पुढे ढकलतात, काही आवरतात. आवरणाऱ्यांत मुख्य आहे गाबा. हा आवर सुटला की पेशींचे गटच्या गट एकदम, एका तालात पेटतात, तोच झटका. अपस्मार असलेल्या माणसात हा तोल मुळातच नाजूक असतो आणि औषधाने सांभाळलेला असतो. आता गंमत अशी, की जंतू मारण्यासाठी बनवलेल्या कित्येक औषधांचे रेणू गाबा जिथे जाऊन बसतो त्या जागी लुडबुड करतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन हे फ्लुरोक्विनोलोन कूळ त्यातलंच. या औषधांच्या माहितीपत्रकात स्पष्ट सूचना असते, की ज्यांना झटक्यांचा आजार आहे किंवा मेंदूच्या दुसऱ्या आजारामुळे झटका येण्याचा धोका आहे, त्यांना हे जपून द्यावं. ही औषधं घेणाऱ्या बहुतेकांना काहीही होत नाही. पण ‘बहुतेकांत’ आत्या बसत नव्हती.

आणि त्या कंबरेच्या गोळीचाही यात हात असू शकतो. १९८० च्या दशकात जपानमध्ये एनॉक्सासिन हे क्विनोलोन आणि फेनब्युफेन ही वेदनाशामक गोळी एकत्र घेतलेल्या रुग्णांना झटके आल्याचं लक्षात आलं. अशा वेदनाशामकांच्या सोबतीने क्विनोलोनची गाबावरची लुडबुड वाढू शकते, म्हणून ती सूचनाही आता माहितीपत्रकात असते. भरीस भर, दाखल केल्यावर आत्याचं क्रिएटिनिन १.६ निघालं. लेव्होफ्लॉक्सासिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड मंद चालत असेल तर ते अंगात साचतं, म्हणून डोस कमी करावा लागतो.

पेनिसिलिनची गोष्ट मला सगळ्यात चकित करून गेली. १९२८ साली फ्लेमिंगला सापडलेलं, लाखो जीव वाचवलेलं औषध. पण ते थेट मेंदूच्या पृष्ठभागावर लावलं तर झटके येतात हे १९४५ मध्येच लक्षात आलं होतं. इतकं खात्रीने येतात, की पुढे अपस्माराचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत झटका आणण्यासाठी मुद्दाम पेनिसिलिन वापरू लागले. घाबरायचं कारण नाही, तोंडाने घेतलेल्या नेहमीच्या डोसमध्ये हा धोका अगदी कमी असतो. शिरेतून मोठे डोस आणि त्यात मूत्रपिंड कमजोर, असं झालं तर तो वाढतो.

आपलं वडोदरा औषधांच्या कारखान्यांचं गाव. अलेंबिक १९०७ पासून इथे आहे. माझे आजोबा अशाच एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात नोकरी करून रिटायर झाले. औषधांची नावं त्यांना तोंडपाठ होती, घरात दर महिन्याला नव्या औषधाची चर्चा असायची. आणि त्याच घरात लेकीच्या औषधाचं नाव घ्यायचं नाही.

दोन दिवसांनी लघवीचा कल्चर रिपोर्ट आला. जंतू ई. कोलाय, आणि नेहमीच्या बहुतेक औषधांना दाद न देणारा. त्या यादीत लेव्होफ्लॉक्सासिनही होतं. म्हणजे ज्या गोळीने आत्याच्या मेंदूशी खेळ केला, तिने जंतूचं काहीच वाकडं केलं नव्हतं. हे वाचून मला जो संताप आला तो कुणावर काढावा हे कळेना, कारण कल्चर यायला दोन-तीन दिवस लागतातच आणि तोवर अंदाजानेच औषध द्यावं लागतं. आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं सर्दी-पडशाला, जुलाबाला मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून जंतूंना तयार केलंय, त्याचाही वाटा असणार. २०१३ साली सरकारने ‘एच-वन’ ही वेगळी यादी काढली. लेव्होफ्लॉक्सासिन त्यात आहे. अशा औषधासाठी दुकानदाराने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहायचं असतं. तुमच्या गल्लीत ती वही कुणी पाहिली असेल तर मला जरूर कळवा.

उरलेल्या पर्यायांत अमिकासिन होतं, पण ते मूत्रपिंडाला जड, आणि आत्याचं मूत्रपिंड आधीच रुसलेलं. दुसरं मेरोपेनेम. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी मेरोपेनेम लिहिलं, आणि वॉर्डमधल्या फार्मासिस्ट मुलीने आत्याच्या कागदावर ‘व्हॅल्प्रोएट’ वाचून न्यूरॉलॉजिस्टना फोन लावला. तिचं वय पंचवीसच्या आसपास असेल. या सगळ्या प्रकरणात मी जर कुणाला पेढे दिले असतील तर तिला.

मेरोपेनेम आणि व्हॅल्प्रोएट यांचं वैर वेगळ्याच जातीचं आहे. एरवी यकृत व्हॅल्प्रोएटला एक शेपूट जोडून बाहेर टाकायच्या रांगेत उभं करतं, आणि एक एन्झाइम त्यातल्या काहींचं शेपूट काढून त्यांना पुन्हा कामाला लावतं. मेरोपेनेमच्या कुळातली औषधं त्या एन्झाइमलाच बंद पाडतात. मग रांगेतलं सगळं औषध बाहेर. एक-दोन दिवसांत रक्तातली पातळी निम्म्याहून खाली, कित्येकदा जवळपास तळाला जाते. व्हॅल्प्रोएटचा डोस वाढवूनही फारसा उपयोग होत नाही. मेरोपेनेम थांबवल्यावर पातळी पूर्ववत व्हायला एक-दोन आठवडे जातात. रुग्ण वेळच्या वेळी गोळी घेतोय, नर्स टिकमार्क करतेय, आणि रक्तात औषध नाही. माझ्या क्षेत्रात अशा बिघाडाला सगळे घाबरतात, कारण स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत असतं.

डॉक्टरांनी मेरोपेनेम टाळलं नाही. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता, तो तसाच ठेवणं हाही झटक्याला दिलेला निमंत्रणाचा नारळच. त्यांनी आधी लेव्हेटिरासेटाम हे दुसरं झटक्यांचं औषध सुरू केलं, मूत्रपिंडाच्या हिशेबाने डोस बसवला आणि मगच मेरोपेनेम लावलं. पहिल्या दिवशी व्हॅल्प्रोएटची पातळी ६२ होती. साधारण ५० ते १०० च्या दरम्यान हवी. तिसऱ्या दिवशी ९. तो आकडा पाहून आतोबा पलंगाच्या कडेवर बसले. त्या आठवड्यात आत्याला एकही झटका आला नाही. कॅज्युअल्टीत बहीण बोलली नसती, कागदावर ‘डोकेदुखीची गोळी’ लिहिलं गेलं असतं, तर त्या फार्मासिस्ट मुलीला थांबायचं काहीच कारण नव्हतं. हा विचार मी पुढे फार वेळ करत नाही.

लेव्हेटिरासेटामने मात्र आपला रंग दाखवला. त्या औषधाने काहींची चिडचिड वाढते असं सांगितलं होतंच. जन्मात कुणाला तोडून न बोललेली आत्या घरी आल्यावर आतोबांना म्हणाली, “छत्तीस वर्षं तुम्ही चहात साखर जास्त घालताय.” शेजारच्या काकूंना कांद्याबद्दल सुनावलं. टीव्हीवरच्या निवेदिकेशी भांडली. आम्ही तोंडावर हात ठेवून हसायचो, पण तिला स्वतःला ते सहन होत नव्हतं. रात्री मला फोन करून म्हणायची, “अगं, मी नाहीये ही.” दोन आठवड्यांनी व्हॅल्प्रोएटची पातळी ५८ वर आली आणि डॉक्टरांनी हळूहळू कमी करत ते औषध बंद केलं. अशी औषधं एका दिवसात कधीच बंद करायची नसतात. आत्या पुन्हा गोड बोलू लागली. चहातली साखर मात्र कमी झाली ती झालीच.

बातमी अर्थातच सगळीकडे पसरली. कोजागरीच्या दिवशी मंडळात मसाला दूध घेताना लोक माझ्याशी जरा जास्तच सहज बोलत होते. पण पुढच्या महिन्याभरात मला तीन फोन आले. तिन्ही संध्याकाळी उशिरा, तिन्ही ‘कुणाला सांगू नकोस’ने सुरू झालेले. नावं नाहीच सांगत, खुणाही बदलल्या आहेत.

एका घरात पत्नीला वर्षानुवर्षं कार्बामाझेपिन चालू. खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं. तीन दिवसांत तिला एकाची दोन दिसू लागली, चालताना तोल जायला लागला. घरच्यांना वाटलं, अर्धांगवायू. क्लॅरिथ्रोमायसिन आणि त्याचं भावंड एरिथ्रोमायसिन, दोघंही यकृतात कार्बामाझेपिन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतात, त्यामुळे ते अंगात चढत जातं. आत्याच्या अगदी उलट: तिथे औषध गायब, इथे औषध जादा. त्याच गटातलं अझिथ्रोमायसिन हा उपद्व्याप फारसा करत नाही, हे त्यांना नंतर त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टने सांगितलं.

दुसऱ्या घरातल्या आजींना पूर्वी पॅरॅलिसिस होऊन गेलेला, मूत्रपिंडही कमजोर. न्यूमोनियासाठी सेफेपाइम चालू होतं. चौथ्या दिवशी आजी गप्प झाल्या. हातपाय हलत नव्हते, झटका दिसत नव्हता, फक्त डोळे उघडे आणि उत्तर नाही. घरचे म्हणाले, वय झालं. एका डॉक्टरांनी ईईजी काढायला सांगितला, तेव्हा कळलं की आत झटका चालू आहे, बाहेर दिसत नाही एवढंच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधाबद्दल नेमका हाच इशारा २०१२ साली दिला होता, विशेषतः मूत्रपिंडाच्या मानाने डोस कमी केला नसेल तेव्हाचा. औषध बदललं आणि आजी दोन-तीन दिवसांत बोलायला लागल्या. पहिलं वाक्य होतं, “दूधवाल्याचे दिले का?”

तिसरा फोन टीबीच्या औषधांबद्दल होता. आयसोनियाझिडमुळे शरीरातलं बी-६ जीवनसत्त्व कमी पडू शकतं, आणि मेंदूला गाबा बनवायला तेच लागतं. म्हणून डॉक्टर सोबत बी-६ ची छोटी गोळी देतात. त्या घरातल्या मुलाने ती ‘ताकदीची असेल’ म्हणून सोडली होती. सुदैवाने काही झालं नव्हतं. त्याला मी फक्त डॉक्टरांकडे परत जायला सांगितलं. मी बीई आहे, एमबीबीएस नाही, आणि फोनवर गोळ्या चालू-बंद करायला सांगणारे नातेवाईक आपल्यात आधीच पुष्कळ आहेत.

मला जास्त लागलं ते वेगळंच. आमच्या दोन-अडीचशे कुटुंबांच्या मंडळात, एका महिन्यात, तीन घरं. आम्ही दरवर्षी एकमेकांच्या गणपतीला जातो, एकमेकांच्या मुलांचे मार्क आणि पगार आम्हाला ठाऊक असतात. भारतात अपस्मार असलेले लोक एक कोटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहेत. ते काही सगळे दुसऱ्यांच्याच मंडळात नसणार.

इंदूरच्या स्थळाचंही सांगते. बहिणीने मावशींमार्फत काही जायच्या आत स्वतःच त्या मुलाला फोन करून आईच्या आजाराबद्दल सांगितलं. आईला आहे म्हणून मुलीला होईलच असं नसतं, बहुतेक वेळा होत नाही, हेही सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, ‘थँक्यू’ म्हणाला. आठ दिवसांनी त्याच्या आईचा निरोप आला, की सध्या घाई नाही. बहीण म्हणाली, “स्वस्तात सुटले.” पण त्या रात्री ती आमच्याकडे झोपायला आली आणि बराच वेळ जागी होती. आतोबा अजून म्हणतात, घाईने सांगायला नको होतं. मला तसं वाटत नाही. आत्याला काय वाटतं ते तिने सांगितलेलं नाही.

एवढं मात्र झालं. आत्याच्या पर्समध्ये, आतोबांच्या पाकिटात आणि देवघराच्या ड्रॉवरमध्ये एकेक कार्ड आहे. एका बाजूला इंग्रजीत, डॉक्टर आणि मेडिकलवाल्यासाठी: अपस्मार, औषधाचं नाव आणि डोस, क्रिएटिनिन, फ्लुरोक्विनोलोन जपून, मेरोपेनेमच्या कुळातलं औषध द्यायचं तर आधी न्यूरॉलॉजिस्टला विचारा. दुसऱ्या बाजूला गुजरातीत, रिक्षावाल्यासाठी आणि रस्त्यावरच्या कुणासाठीही: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, हा नंबर लावा. गुजराती मजकूर आतोबांनी स्वतःच्या हाताने लिहिला. फ्रिजमध्ये नव्हे, कपाटात, नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे आहे, डॉक्टरांनी लिहून दिलेला. तो कसा मारायचा हे बहिणीने शेजारच्या काकूंनाही शिकवलंय. काकूंनी आधी नाक मुरडलं, मग दोनदा करून दाखवलं.

जानेवारीत आत्याला पुन्हा जळजळ सुरू झाली, या वेळी ताप नाही, कंबरदुखी नाही. आतोबा त्याच कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. मी सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, “कायमचं काही औषध?” आतोबांनी खिशातून कार्ड काढलं, पण दिलं नाही. घसा साफ केला आणि म्हणाले, “हिला अपस्मार आहे. एपिलेप्सी. व्हॅल्प्रोएट ५००, दोन वेळा.” बाहेर बाकावर चार-पाच ओळखीची माणसं बसली होती आणि दवाखान्याचं दार काचेचं आहे. डॉक्टरांनी पेन थांबवलं, जुना कल्चर रिपोर्ट मागितला, दोन मिनिटं वाचला आणि नवं कल्चर पाठवून फोस्फोमायसिन लिहून दिलं. तीन ग्रॅमची पूड, एकदाच, ग्लासभर पाण्यात ढवळून.

आत्याने घरी येऊन ती प्यायली. चव संत्र्याची होती. “हे तर रसनासारखं लागतंय,” ती म्हणाली आणि ग्लासाच्या तळाशी राहिलेलं चमच्याने ढवळून तेही पिऊन टाकलं.